कानाला ओरखडा आणि भिंतीवर रक्ताचा सडा

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हार्वर्डच्या डेव्हिड गिंटी यांच्या प्रयोगशाळेचा एक शोधनिबंध आला. ओला कुत्रा अंग का झटकतो याचं उत्तर सापडलं, अशी त्याची बातमी जगभर झाली. प्रयोग खरं तर उंदरांवर होता. उंदराच्या मानेवर तेलाचा थेंब सोडला की तो अंग झटकतो. हा इशारा केसाळ कातडीतले ‘सी-एलटीएमआर’ नावाचे अतिशय हळवे चेतातंतू देतात, असं त्यात दाखवलं होतं. हे तंतू स्वीडनच्या झॉटरमान यांनी १९३९ मध्येच मांजरात पाहिले होते, पण ते नेमकं काय काम करतात हे आता कुठे कळतंय. बातम्यांमध्ये सगळीकडे पाणी उडवणाऱ्या कुत्र्याचे फोटो होते. मला मात्र त्या झटक्याची दुसरी बाजू सांगायची आहे. पाणी उडवणारा हाच झटका कानाच्या क्षुल्लक जखमेला तासभर वाहतं ठेवतो.

ही गोष्ट सर्वांत ठळक दिसते ती शिकारी कुत्र्यांमध्ये. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायो, केंटकी या भागांत बीगल घेऊन सशांची शिकार करतात. तिथला कॉटनटेल ससा दाट झुडपात दडतो आणि त्या झुडपांमध्ये मल्टिफ्लोरा गुलाबाचा मोठा वाटा असतो. मूळचा पूर्व आशियातला हा गुलाब १९३०च्या दशकात मातीची धूप थांबवायला आणि जिवंत कुंपण म्हणून लावा, असं तिथल्या सरकारी मृदासंधारण खात्यानेच सांगितलं होतं. आज अनेक राज्यांत तो उपद्रवी तण ठरला आहे. त्याचे काटे मागे वळलेले असतात. बीगल नाक जमिनीला लावून आत घुसतो, लोंबते कान काट्यात अडकतात, मागे येण्याऐवजी तो पुढे रेटतो आणि कानाची कड फाटते. इंग्लंडमध्ये गॉर्स नावाच्या झुडपाच्या काटेरी जाळीत शिरणाऱ्या स्पॅनियल कुत्र्यांचंही हेच होतं. जखम असते तीन-चार मिलिमीटरची. रक्त मात्र गाडीच्या छतापर्यंत उडतं.

मालकाला वाटतं, मोठी शीर तुटली. नाहीतर कुत्र्याचं ‘रक्त पातळ झालंय’. बहुतेक वेळा दोन्ही खोटं असतं.

कानाची पाळ म्हणजे मधोमध कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, पातळ पत्रा आणि दोन्ही बाजूंना त्याला घट्ट चिकटलेली कातडी. मध्ये चरबी नाही की स्नायूचा जाड थर नाही. रक्तवाहिन्या कानाच्या बाहेरच्या बाजूने बुंध्याकडून टोकाकडे जातात आणि कूर्चेतल्या बारीक छिद्रांमधून आतल्या बाजूला पोचतात. मांडीला ओरखडा आला तर भोवतालचं मांस वाहिनीला थोडंफार दाबून धरतं. कानाच्या कडेला असं दाबणारं काहीच नसतं. त्यात कुत्रा धावून तापलेला, वाहिन्या रुंदावलेल्या.

तरीही एवढीशी जखम काही मिनिटांत बुजायला हवी. ती कशी बुजते, हे मला शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

वाहिनी फाटली की तिच्या भिंतीतलं कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन उघडं पडतं. रक्तातल्या प्लेटलेट्सना तिथे चिकटायचं असतं, पण रक्त वेगाने वाहत असतं आणि प्लेटलेट नुसती घासून पुढे निघून जाते. इथे ‘वॉन विलब्रँड फॅक्टर’ हे प्रथिन कामाला येतं. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलब्रँड यांनी आलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार १९२६ मध्ये नोंदवला. त्या आजारात जे प्रथिन कमी पडतं, त्याला पुढे त्यांचं नाव मिळालं. हा प्रचंड लांब रेणू एरवी रक्तातून लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला फिरतो आणि त्याच्या चिकट जागा आत लपलेल्या असतात. जखमेपाशी त्याचं एक टोक कोलॅजेनला अडकतं आणि वाहत्या रक्ताच्या ओढीने गुंडा उलगडत जातो. लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि बाजूने जाणाऱ्या प्लेटलेट्स तिथे पकडल्या जातात. म्हणजे प्रवाहाची ओढ जितकी जास्त, तितका धागा जास्त उलगडतो आणि पकड तितकी वाढते. जो वेग प्लेटलेट्सना टिकू देत नाही, तोच वेग त्यांना अडकवणारं जाळं उघडतो!

अडकलेल्या प्लेटलेट्स आकार बदलतात, काटेरी होतात, एकमेकींना धरतात आणि आणखी प्लेटलेट्सना बोलावणारी रसायनं सोडतात. असा पहिला बुच तयार होतो. तो कच्चा असतो. त्याला पक्कं करायला थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे तुकडे छाटतं, त्यातून फायब्रिनचे तंतू बनतात, आणि रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी तेरावा घटक त्या तंतूंना आडवे टाके घालून घट्ट बांधतो. या सगळ्याला वेळ लागतो. पहिली काही मिनिटं जखमेवर जे असतं, ते कुठल्याही धक्क्याने निघून येईल असं असतं.

आणि नेमक्या त्याच मिनिटांत कुत्रा डोकं झटकतो.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या अँड्र्यू डिकरसन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांचं अंग झटकणं वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. प्राणी लहान तितका झटका जलद. उंदीर सेकंदाला सुमारे ३० वेळा, लॅब्राडॉर चार-साडेचार वेळा. बीगल मधल्या आकाराचा, म्हणून पाच धरू. कानाचं टोक डोक्याच्या अक्षापासून १५ सेंटीमीटरवर आणि दोन्ही बाजूंना ६० अंशांचा झोका धरला, तर टोकाचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ५ मीटर येतो. शाळेतलं सूत्र आठवा, वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. २५ भागिले ०.१५ म्हणजे १६७. गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे सतरा पट! हा आकडा माझ्या ढोबळ गृहीतांचा आहे, पण त्या संशोधकांनाही थेंबांवर १० ते ७० पट एवढं त्वरण दिसलं होतं. शिवाय कान कवटीवर आणि गळ्यातल्या पट्ट्यावर आपटतो तो वेगळा. कच्चा बुच यात टिकायचा नाही. तो उडतो, कोलॅजेन पुन्हा उघडं पडतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. वर रक्ताचा ओघळ कानाच्या केसांवरून सरकतो. उंदराच्या मानेवर सरकणारा थेंब झटका आणत असेल, तर कानावरचा ओघळही आणत असणार, असं मला वाटतं.

म्हणून उपाय रक्तावर करायचा नाही, कान स्थिर करायचा. स्वच्छ गॉज कानाच्या दोन्ही बाजूंना लावून बोटांनी पाच ते दहा मिनिटं सलग दाबायचं. मध्येच उचलून ‘थांबलं का’ पाहिलं की बुच गॉजबरोबर निघतो. मग कान डोक्यावर उलटा दुमडून, वर गॉज ठेवून, डोक्याभोवती पट्टी गुंडाळायची. गळ्यापाशी दोन बोटं सहज जातील इतकी ती सैल हवी. शिकारी लोक जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी डोक्यावर चढवतात, तेही उत्तम. पशुवैद्य पट्टीवर पेनाने आतल्या कानाची आकृती काढून ठेवतात, कारण पट्टी काढताना कात्रीने कानच कापला जाण्याचे प्रसंग घडले आहेत.

घरगुती उपायांबद्दल स्पष्टच लिहितो. हळद लावल्याने रक्त थांबतं हा समज आहे. थांबतं ते हळद दाबून धरणाऱ्या बोटाने. प्रयोगशाळेत तर हळदीतलं करक्युमिन प्लेटलेट्सच्या एकमेकींना चिकटण्यात अडथळाच आणताना दिसलं आहे. तंबाखूची पूड कुत्रा चाटतो आणि निकोटिन त्याच्यासाठी विष आहे. तुरटी खरंच प्रथिनं गोठवते, न्हाव्याकडे ती चालते, पण ती झोंबते, आणि झोंबलं की कुत्रा डोकं झटकणारच. कानात कोमट तेल ओतणं तर पूर्ण बंद करा. दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली अ‍ॅस्पिरिन देऊ नका. ती प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद पाडते आणि ती प्लेटलेट उरलेल्या आयुष्यात पुन्हा पूर्ववत होत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पण बीगल आणि कॉकर स्पॅनियल पुण्या-मुंबईत भरपूर आहेत. टेकडीवरची घाणेरी, बोर, बाभळीची काटेरी रोपं त्यांच्या कानांना तेवढीच नडतात. आपल्या हवेत एक धोका जास्त आहे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या होतात, म्हणून रक्त थांबलं तरी कानाची कड रोज पाहावी. फिरून आल्यावर जखम दिसत नसताना कुत्रा एकाच बाजूला मान कलती करून सारखं डोकं झटकत असेल, तर कानात कुसळ गेल्याची शक्यता धरा. कुत्र्याचा कर्णमार्ग आधी खाली उतरतो आणि मग आत वळतो, त्यामुळे कुसळ वरून दिसत नाही आणि त्याच्या दाताळ केसांमुळे ते आतच सरकत राहतं. ते काढणं पशुवैद्याचं काम. फार झटकल्याने कानाच्या आतच वाहिनी फुटून कान गादीसारखा फुगला, तरीही घरी सुई टोचू नका.

नीट दाबून, कान बांधूनही रक्त वाहतच राहिलं, किंवा प्रत्येक किरकोळ जखमेला असंच होत असेल, तेव्हा मात्र रक्ताकडे पाहायला हवं. डॉबरमनमध्ये वॉन विलब्रँड घटक कमी असणं बऱ्यापैकी आढळतं. जर्मन शॉर्टहेअर्ड आणि वायरहेअर्ड पॉइंटर या शिकारी जातींत या आजाराचा जो प्रकार दिसतो, त्यात घटकाचे सर्वांत लांब धागेच नसतात, म्हणजे उलगडून प्लेटलेट्स पकडणारा भागच गायब. पशुवैद्य वरचा ओठ उलटा करून आतल्या बाजूला बारीक छेद देतात आणि घड्याळ लावतात. निरोगी कुत्र्यात साधारण चार मिनिटांच्या आत रक्त थांबतं. नसबंदी किंवा कुठलीही शस्त्रक्रिया ठरवण्याआधी अशा कुत्र्याची ही तपासणी आणि रक्तातल्या घटकाची मोजणी करून घ्या.