दार ठोठावायचं कुणी?

४ नोव्हेंबर २००८ रोजी बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क काढून घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो हक्क त्याच वर्षी मे महिन्यात मान्य केला होता. ‘प्रपोझिशन ८’ या सार्वमतात त्याविरुद्ध सुमारे ५२ टक्के मतं पडली आणि हक्क गेला.

पराभवानंतर लॉस एंजेलिसमधल्या, समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काम करणाऱ्या एलजीबीटी सेंटरच्या कार्यकर्त्यांनी एक अवघड वाट धरली. ज्या वस्त्यांमधून आपल्याविरुद्ध भरघोस मतदान झालं, नेमक्या त्याच वस्त्यांमध्ये ते दारोदार जाऊ लागले. डेव्ह फ्लायशर यांनी या कामाला आकार दिला. तुम्ही आमच्याविरुद्ध मत का दिलंत, असं विचारायचं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं. पुढे या पद्धतीचं नाव पडलं ‘डीप कॅनव्हासिंग’.

ज्यानं आपलं माणूसपण नाकारलं त्याच्याच उंबऱ्यावर जायचं का, हा प्रश्न आपल्याकडच्या दलितांना, मुसलमानांना, आदिवासींना, ट्रान्स व्यक्तींना नवा नाही. ‘संवाद साधा, समजावून सांगा, इतकं कडवट बोलू नका’ हा सल्ला बहुतेक वेळा ज्याच्यावर अन्याय झालाय त्यालाच ऐकावा लागतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण अशा संवादानं खरंच काही बदलतं का, आणि बदललं तर त्याची किंमत कोण मोजतं, हे सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी आणि राज्यशास्त्रज्ञांनी गेल्या वीसेक वर्षांत बरंच मोजून पाहिलं आहे. त्यातून निघालेली उत्तरं त्या सल्ल्याइतकी सोपी नाहीत.

सुरुवात एका लबाडीपासून करावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या याच कामावर एक शोधनिबंध आला. त्यात म्हटलं होतं की दारातल्या एका संभाषणानं मतदाराचं मत बदलतं. पण बोलणारा स्वतः समलिंगी असेल तरच तो बदल टिकतो, दुसरा कुणी बोलला तर काही दिवसांत विरून जातो. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोन तरुण संशोधक तसाच प्रयोग मायामीत करायच्या तयारीत होते. आपल्या हातात येणारे आकडे त्या निबंधातल्या आकड्यांच्या जवळपासही जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. पीटर अरोनो या आणखी एका संशोधकाच्या मदतीनं त्यांनी निबंधातली माहिती तपासली आणि मे २०१५ मध्ये तिच्यातल्या विसंगती जाहीर केल्या. त्याच महिन्यात निबंध मागे घेतला गेला. मागे घ्यावा अशी विनंती त्याच्या एका सहलेखकानंच केली होती.

मला या प्रकरणात फसवणुकीहून तो निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. मन बदलायचं असेल तर जखम झालेल्यानंच जखम उघडी करून दाखवली पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. तो इतक्या सहज पटला, कारण समाज हे ओझं आधीपासूनच अन्याय सोसणाऱ्यांच्या खांद्यावर टाकत आलेला आहे.

ब्रूकमन आणि काला यांचा खरा प्रयोग मायामीत झाला आणि २०१६ मध्ये, ‘सायन्स’मध्येच, छापून आला. मायामी-डेड कौंटीनं डिसेंबर २०१४ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम केला होता. विरोधक तो मतपेटीतून उलटवतील अशी धास्ती होती. ५६ कार्यकर्ते घराघरांत गेले. त्यांतले काही स्वतः ट्रान्सजेंडर होते, काही नव्हते. दारात भेटलेल्या ५०१ मतदारांची विभागणी आधीच, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, केलेली होती. काहींशी या विषयावर बोलायचं, बाकीच्यांशी कचऱ्याच्या पुनर्वापराबद्दल. दुसरा गट तुलनेसाठी.

दारातलं बोलणं कसं चालायचं ते बघण्यासारखं आहे. हा नियम पुढे मतदानाला येऊ शकतो, तुम्हाला काय वाटतं, असं कार्यकर्ता विचारायचा. मतदार जे म्हणेल ते ऐकायचं. ते खोडून काढायचं नाही, तोंडही वाकडं करायचं नाही. मग दोन्ही बाजूंचे मुद्दे मांडणारी छोटी चित्रफीत दाखवायची. ट्रान्सजेंडर म्हणजे कोण हे साध्या शब्दांत सांगायचं, आणि कार्यकर्ता स्वतः ट्रान्सजेंडर असेल तर तेही सांगायचं. त्यानंतर खरा प्रश्न यायचा: तुम्ही वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कधी कमी लेखलं होतं का? माणूस आठवून बोलू लागला की त्याच्याच आठवणीतून ट्रान्सजेंडर माणसाच्या रोजच्या अनुभवाकडे त्याला बघायला लावायचं. शेवटी विचारायचं, आता काय वाटतं? सगळं मिळून साधारण दहा मिनिटं.

मतदारांचं मत अजमावणारी सर्वेक्षणं वेगळी, स्वतंत्रपणे झाली, म्हणजे दारातल्या भेटीशी त्यांचा संबंध आहे हे कुणाला जाणवू नये. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीची आपुलकी वाढलेली दिसली आणि तीन महिन्यांनंतरही ती टिकून होती. अमेरिकेत १९९८ ते २०१२ या चौदा वर्षांत समलिंगी लोकांविषयीची अढी सरासरी जेवढी उतरली, त्याहून हा बदल मोठा होता. विरोधी प्रचार दाखवल्यानंतरही नियमाला वाढलेला पाठिंबा शिल्लक राहिला. आणि बोलणारा ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम दिसला. खोट्या निबंधातला सगळ्यात गाजलेला दावा खऱ्या आकड्यांपुढे टिकला नाही.

२०२० मध्ये ब्रूकमन आणि काला यांनी आणखी तीन प्रयोग प्रसिद्ध केले: सात ठिकाणं, २३० कार्यकर्ते, ६,८६९ मतदार, विषय ट्रान्सजेंडर हक्क आणि कागदपत्रं नसलेले स्थलांतरित. नुसते मुद्दे मांडले तर मतं हलली नाहीत. समोरच्याला दोषी न ठरवता दोघांनी एकमेकांचे अनुभव सांगितले-ऐकले, तेव्हा मात्र हलली, आणि निदान चार महिने तशीच राहिली. बदल थोड्या लोकांत झाला, पण खरा होता. वादात जिंकून माणसं जिंकता येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निकाल मनावर घ्यावा.

पण एक गोष्ट विसरून चालत नाही. या प्रयोगांत मोजले गेले ते दार उघडणारे, दहा मिनिटं उभे राहून बोलणारे लोक. जो दारच उघडत नाही, जो मोबाइलवरून रात्रंदिवस धमक्या पाठवतो, ज्याचं राजकारणच द्वेषावर उभं आहे, त्याच्याबद्दल हे आकडे काही सांगत नाहीत. उलट फिओना बार्लो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की कडवट भेटीनं पूर्वग्रह जितका वाढतो, तितका चांगल्या भेटीनं कमी होत नाही. म्हणजे शिवीगाळ करणाऱ्याकडे आपल्या माणसाला ‘एकदा बोलून तर बघ’ म्हणून पाठवणं त्या माणसाला जाचक आहेच, शिवाय ज्यासाठी पाठवलं त्या कामालाही मारक ठरू शकतं.

परस्परसंपर्कानं पूर्वग्रह उतरतात हा विचार मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये नीट मांडला, तेव्हाच अटी घालून मांडला होता: भेटीत दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते सहकार्यानं गाठायचं असावं, आणि कायद्याचं किंवा संस्थेचं पाठबळ असावं. २००६ मध्ये थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्कानं पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतात असंच दिसलं. मात्र ज्यांच्याविरुद्ध भेदभाव होतो त्यांच्यावर हा परिणाम कमी होतो, असंही याच जोडीच्या कामातून पुढे आलं. रोज अपमान सोसणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी जे असतं त्याला पूर्वग्रह म्हणायचं की अनुभव, हे मला आधी ठरवावंसं वाटतं.

अटींचं मोल कळायला आपल्याच देशातला एक प्रयोग आहे. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागात वेगवेगळ्या जातींच्या १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटच्या स्पर्धा भरवल्या. ८०० जण खेळले, बाकीचे तुलनेसाठी. एकाच संघात दुसऱ्या जातीचे खेळाडू आले तिथे जातीबाहेरची मैत्री वाढली आणि स्वजातीला झुकतं माप देणं घटलं. दुसऱ्या जातीचे खेळाडू समोरच्या संघात आले तिथे परिणाम बहुतांशी उलटा झाला. गाव तेच, खेळ तोच. आणखी एक मर्यादा उत्तर इराकमध्ये दिसली. आयसिसच्या अत्याचारांमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत सलमा मूसा यांनी मुस्लिम खेळाडू घातले. मैदानावरचं नातं सुधारलं, सहा महिन्यांनीही एकत्र सराव चालू राहिला. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबरोबर मिसळण्यापर्यंत तो विश्वास पोहोचला नाही.

आता सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. तामार सागुई आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रयोगशाळेत दोन गट केले. अभ्यासक्रमाचे श्रेयांक (क्रेडिट) वाटायचा अधिकार एका गटाकडे, दुसरा गट त्याच्या मर्जीवर. काही जोड्यांना आपल्यात सारखं काय आहे यावर गप्पा मारायला सांगितलं, काहींना वेगळं काय आहे यावर. सारखेपणावर गप्पा मारलेल्या दुर्बळ गटाला खात्री वाटू लागली की ही माणसं चांगली आहेत, वाटणी न्याय्यच करतील. वाटणी झाली, तेव्हा अधिकार असलेल्या गटानं आपल्याच पदरात जास्त टाकलं. गोड गप्पांनी दुर्बळांची अपेक्षा बदलली, बलवानांचं वागणं बदललं नाही. इस्रायलमधल्या अरब नागरिकांच्या पाहणीतही हेच सूत्र निघालं: ज्यूंशी मैत्री जितकी जास्त, तितका ते न्यायानं वागतात हा विश्वास जास्त आणि बदलाची मागणी मऊ.

पुढे २०२० मध्ये ६९ देशांतल्या १२,९९७ लोकांची माहिती एकत्र आली. वरचढ गटांतले लोक वंचितांच्या जितके संपर्कात, तितका समतेला त्यांचा पाठिंबा जास्त. वंचितांमध्ये मात्र बहुतेक मापांवर उलट चित्र दिसलं: संपर्क वाढला तिथे बदलासाठी झगडायची तयारी कमी. अपवाद एकच, दोन्ही गटांनी मिळून काम करायची इच्छा. ती दोन्हीकडे वाढलेली होती. म्हणून ‘संवादानं कुणाचं काय बिघडतं?’ हा प्रश्न मला निरुपद्रवी वाटत नाही. ज्याची चळवळ हाच त्याचा एकमेव आधार आहे, त्याचं बिघडू शकतं.

यावर उतारा आहे, आणि तो वरचढ गटातल्या माणसाच्या तोंडात आहे. जुलिया बेकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की असा माणूस ही विषमता योग्यच आहे असं म्हणाला, किंवा तिच्याबद्दल गप्प बसला, तर त्याच्याशी झालेल्या मैत्रीनं वंचितांचं लढणं मंदावतं. तो स्पष्ट म्हणाला की हे चूक आहे, तर मंदावत नाही. एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांचा २०१२ मधला अभ्यास याला जोडून वाचावा. ॲरिझोनात मेक्सिकन स्थलांतरित आणि गोरे अमेरिकन, मध्यपूर्वेत पॅलेस्टिनी आणि इस्रायली, यांची संगणकाच्या पडद्यावरून गाठ घालून दिली. एकानं आपली अडचण सांगायची, दुसऱ्यानं ती आपल्या शब्दांत परत मांडायची. इस्रायलींचं आणि गोऱ्या अमेरिकनांचं मन ऐकल्यानं मऊ झालं. पॅलेस्टिनींचं आणि मेक्सिकनांचं मऊ झालं ते सांगितल्यानं, आपलं म्हणणं समोरच्यापर्यंत पोहोचलं हे कळल्यानं. म्हणजे ‘तुम्ही त्यांची बाजू समजून घ्या’ हा उपदेश आपण बहुधा चुकीच्या माणसाला करत आलो आहोत.

महाराष्ट्रानं हे आकडेवारीशिवाय पाहिलेलं आहे. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता; तरी २० मार्च १९२७ ला पाणी प्यायलेल्या सत्याग्रहींवर हल्ले झाले. त्या लढ्यात नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. हे सगळे सवर्ण. हे चूक आहे असं स्वतःच्या जातीसमोर उघड म्हणण्याचं काम त्यांनी दलितांवर सोडलं नाही.

पुणे कराराला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा १४ नोव्हेंबर १९३२ ला, गोलमेज परिषदेला निघालेल्या बोटीवरून बाबासाहेबांनी अस्पृश्यताविरोधी लीगचे सरचिटणीस ठक्करबापा यांना पत्र लिहिलं. लीगनं काय करावं हे त्यात क्रमानं सांगितलं आहे. आधी विहिरी, शाळा, चावडी यांवरच्या नागरी हक्कांची मोहीम. मग रोजगारात समान संधी. एकमेकांच्या घरी येणं-जाणं त्यानंतर, तिसऱ्या क्रमांकावर. कुटुंबाबाहेर प्रेमाची वाट न्यायातूनच जाते असं त्यांनी लिहिलं, आणि स्पृश्यांनी तो न्याय करावा, नाही केला तर त्यांना करायला लावावा, ही जबाबदारी लीगवर टाकली. लीगचे अध्यक्ष होते उद्योगपती घनश्यामदास बिर्ला, म्हणजे स्वतः स्पृश्यच.