मागच्या काचेचा तडा भरून मिळत नाही

“पुढच्या काचेचा तडा भरतात, मग मागचाही भरून घ्या, नवी काच कशाला?” गाडीची मागची काच फुटली की पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

पुढची काच म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर. खडा लागला तर बहुतेक वेळा बाहेरचीच काच टिचते, म्हणून तिथे रेझिन, म्हणजे घट्ट होणारा पारदर्शक चिकट द्रव, भरता येतं. छोट्या गाड्यांची मागची काच मात्र सहसा टफन्ड असते, म्हणजे 600 अंशांच्या वर तापवून झटकन गार केलेली. तिचा पृष्ठभाग दाबाखाली, गाभा ताणाखाली. तडा गाभ्यापर्यंत पोचला की तो ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा साबुदाण्यासारखा चुरा होतो. भरायला तडा उरतच नाही. माझ्या गाडीच्या डिकीतल्या गालिच्यातून महिनाभर खडे निघत होते.

नवी काच घेताना डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून तिच्यावरचं धुकं घालवणाऱ्या, आडव्या तपकिरी रेषा जुन्यासारख्या आहेत ना, ते बघा. दोन्ही टोकांच्या वायरी जोडून घ्या, स्विच लावून काही मिनिटांनी हात लावा. काच कोमट लागलीच पाहिजे. काच चिकटवणारं सीलंट वाळेपर्यंत दारं आपटू नका, एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद गाडीतल्या हवेचा धक्का थेट त्या काचेवर बसतो.