जुना कॉम्प्युटर, लिनक्स आणि '३२-बिट'चा घोळ

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चालतं मशीन भंगारात काढू नका, लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम टाका असं जो तो सांगायला लागला. तसं हे नवीन नाही, एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हाही हेच चाललं होतं, आणि त्याच्या कितीतरी आधी क्नॉपिक्स या लिनक्सच्या एका प्रकाराची सीडी टाकली की हार्डडिस्कला हात न लावता सिस्टिम सुरू व्हायची, मग पपी आणि उबुंटू हे आणखी प्रकार आले, उबुंटूच्या सीडी तर काही वर्षं फुकट घरपोच यायच्या.

'जुन्यावर लिनक्स चालतंच' हे तेव्हा डोळे झाकून म्हणता यायचं. आता नाही, कारण ३२-बिट, म्हणजे आकडे ३२ बिटांच्या तुकड्यांत हाताळणारे जुने प्रोसेसर; नंतरचे ६४-बिट.

उबुंटूने १२.१० या आवृत्तीपासून पीएई (३२-बिट प्रोसेसरला ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू देणारी सोय) नसलेले प्रोसेसर सोडून दिले. गंमत अशी की काही पेंटियम एम चिपमध्ये पीएई होतं, पण चिप तसं सांगायचीच नाही, त्यामुळे इन्स्टॉलर दारातूनच परत पाठवायचा. १४.०४ ला तोडगा निघाला, बूट करताना 'फोर्सपीएई' एवढा एक शब्द टाइप करा, की तेच मशीन गुपचूप चालू! मग १७.१० पासून ३२-बिट डेस्कटॉपच गेला, १९.०४ ला झुबुंटू आणि लुबुंटू या उबुंटूच्या हलक्या भावंडांनीही हात वर केले, म्हणजे जी खास जुन्या मशीनसाठी म्हणून सांगितली जायची तीच. आणि डेबियन या आणखी एका लिनक्सच्या १३ व्या आवृत्तीने ३२-बिटचा इन्स्टॉलर काढला तो ऑगस्ट २०२५ मध्ये, विंडोज १० बंद व्हायच्या दोन महिने आधी. टेस्टिंगला माणसं नाहीत हे कारण खरंच आहे, मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीवरचा उपायसुद्धा ३२-बिटला ६४ नंतर कित्येक महिन्यांनी मिळाला, पण मुहूर्त बघा.

मात्र विंडोज ११ ने टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि प्रोसेसरची यादी पुढे करून बाहेर ठेवलेली बहुतेक मशीन ६४-बिटच आहेत, त्यांना यातलं काही लागू नाही. तरी लोक घाबरतात, कारण सेटिंग्जमध्ये 'अबाउट' उघडलं की '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम' दिसतं आणि वाचणं तिथेच थांबतं. त्याच ओळीत पुढे 'एक्स६४ प्रोसेसर' लिहिलेलं असेल तर ३२-बिट फक्त विंडोज आहे, मशीन नाही, आणि आजचं बहुतेक कुठलंही ६४-बिट लिनक्स त्यावर टाकून बघता येतं, रॅम तेवढी ४ जीबी तरी हवी, नाहीतर ब्राउझरच सगळी खाऊन टाकतो.