‘शिकाऊ’ म्हणजे कामगार नाही, हे ठरलं कधी?

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा हेच म्हटलं की अरे ट्रेनिंगच होतं ना ते, मग नोकरी कसली मागताय. जीआर निघाला जुलै २०२४ ला, बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ आणि ग्रॅज्युएटला १० हजार, मुदत ६ महिने, पुढे ५ वाढवून ११ केली. सरकारी ऑफिसात बसून ही पोरं रोजचं काम उरकत होती, पण कागदावर प्रशिक्षणार्थी. आता हे कागदावरचं प्रकरण काही २०२४ चं नाहीये, साठ वर्षांच्या वरचं आहे.

खरं तर सुरुवात त्याच्याही आधी होते, महायुद्धापासून. १९४५ ला लढाई संपत आली, फौजेतून सुटून येणाऱ्यांना कामाला लावायचं कुठे हा प्रश्न पडला, म्हणून इंग्रज सरकारने पुनर्वसन आणि रोजगाराचं महासंचालनालय काढलं. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे बेकारांची नावं नोंदवणारी सरकारी ऑफिसं, तिथून आले, ज्याचं कार्ड आपल्या काकालोकांनी रिन्यू करून करून झिजवलं. मग फाळणी झाली आणि त्याच यंत्रणेवर निर्वासितांचंही ओझं पडलं. १९५० ला कारागीर प्रशिक्षण योजना आली, आज आपण ज्याला आयटीआय म्हणतो ती तीच. १९५६ ला शिवा राव कमिटीचं ऐकून रोजचा कारभार राज्यांकडे दिला, म्हणूनच अजूनही ट्रेडचा सिलॅबस आणि सर्टिफिकेट दिल्लीचं, पण बिल्डिंग, निदेशक आणि बंद पडलेला लेथ राज्याचा.

तोवर दुसरी पंचवार्षिक योजना जोरात होती, भिलाई-राउरकेला-दुर्गापूरचे पोलाद कारखाने उभे राहत होते, फिटर टर्नर वेल्डर पाहिजेत पण नुसत्या वर्गात बसून ते तयार होत नाहीत, त्यांना चालू कारखान्यातच हात काळे करावे लागतात. त्यासाठी आला १९६१ चा अप्रेंटिस कायदा. हेतू चांगला होता हे मान्यच, मालकाने ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यायचेच अशी सक्ती होती आणि मोडली तर तुरुंगाचीही तरतूद होती. पण कलम १८ वाचा. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगार कायदे त्याला लागू नाहीत. गंमत म्हणजे बोट मशीनमध्ये गेलं तर भरपाई कामगाराच्या कायद्याने मिळते, म्हणजे जखमी झाल्यावर तेवढा तो कामगार! आणि तेव्हाचं कलम २२, ट्रेनिंग संपल्यावर नोकरी देणं मालकावर बंधनकारक नव्हतं. एक्स्चेंजचा १९५९ चा कायदाही याच साच्यातला होता, मालकाला रिकाम्या जागा कळवायची सक्ती, तिथून माणूस घ्यायची नाही.

१९९५ ला सुप्रीम कोर्टाने यूपीच्या एसटी महामंडळाच्या केसमध्ये सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्यापेक्षा ट्रेनिंग झालेल्या अप्रेंटिसला प्राधान्य द्या. प्राधान्य, हक्क नाही. अजूनही भरतीच्या भांडणात हा निकाल पुढे केला जातो.

विद्यावेतनाचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात आयटीआयच्या पोराला महिन्याला ४० रुपये मिळायचे, चाळीस, आणि हा आकडा दशकानुदशकं कोणी हलवला नाही, २०२३ ला ५०० झाले. ४० रुपयांत एसटीचा पास सोडा, वडापाव पण महिनाभर होत नाही.

२०१४ ला नवं कौशल्य खातं उघडलं, त्याच वर्षी अप्रेंटिस कायदाही बदलला. मालकांची तक्रार होती की तुरुंगाची भीती घालता म्हणून आम्ही पोरं घेत नाही, तर तुरुंग काढला, फक्त दंड ठेवला. २०१६ पासून तर स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र भरायला लागलं. याच काळात प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचे (२०१५) थोड्या महिन्यांचे कोर्स गल्लोगल्ली निघाले, सरकारनेच नेमलेल्या शारदा प्रसाद कमिटीने पुढे म्हटलं की टार्गेटच्या मागे धावताय आणि उद्योगाला काय पाहिजे ते कोणी विचारत नाहीये, पण त्यात जास्त शिरत नाही. आपल्या विषयाचा भाग वेगळाच आहे, २०१३ ला एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, आणलेली नीम ही ट्रेनिंगची योजना. कंपनीच्या आणि पोराच्या मध्ये एजन्सी, लाईनवर उभं राहून तेच काम, नाव मात्र ट्रेनी. चाकण-रांजणगावच्या कुठल्याही कॉट बेसिसच्या रूमवर विचारा, नीमवाला कोण म्हटलं की दोन-तीन हात वर यायचे. नंतर ती बंद झाली.

कलम १८ ला कोणी हात लावला नाही. कलम २२ मात्र २०१४ ला बदललं, आता प्रत्येक मालकाने आपल्याकडे शिकलेल्या अप्रेंटिसला भरती करायची स्वतःची पॉलिसी बनवायची असं लिहिलंय. पॉलिसीत काय असावं ते मालकानेच ठरवायचं.