जोखमीच्या तक्त्यातील ‘क्वचित’ हा शब्द: एक पार्श्वभूमी

कारखान्यातील वा पर्यावरणातील धोक्याची शक्यता आणि परिणाम यांना एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार तक्त्यात मांडण्याची रीत आज शिरवळपासून कुपवाडपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींत परिचित आहे. अनिष्टाचे भय त्याच्या गांभीर्याबरोबर संभाव्यतेच्याही प्रमाणात असावे, हा विचार 1662 मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या, ‘पोर्ट-रॉयल’ मठाच्या वर्तुळातील विचारवंतांच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात आढळतो, अभियांत्रिकीत त्याला ठाशीव रूप मिळाले ते मात्र 1967 मध्ये, जेव्हा ब्रिटिश अणुतज्ज्ञ एफ. आर. फार्मर यांनी अपघातातून जितका अधिक किरणोत्सर्ग बाहेर पडेल तितकी त्याची वारंवारता कमी असली पाहिजे, हे आलेखाने मांडले.

त्याच वर्षी, 11 डिसेंबरच्या पहाटे, कोयनानगर हादरले. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. म्हणजेच आजच्या भाषेत शक्यतेच्या रकान्यात ‘क्वचित’, म्हणजे नीचांकी गुण होता. प्रत्यक्षात दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि 103 मीटर उंचीच्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. 1970 च्या सुधारित नकाशात हा परिसर चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या भूकंप-विभागात दाखवला गेला.

कायद्याला जाग आली ती 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर. 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनी ठरावीक साठ्यापलीकडे सुरक्षा अहवाल व आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला.

गुणाकारात एक खोट आहे. बोट कापण्याची रोजची शक्यता आणि स्फोटाची विरळा शक्यता, दोन्हींचे उत्तर पाचच येते (शक्यता 5 × परिणाम 1, किंवा शक्यता 1 × परिणाम 5). सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरील, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालील कोठारांवरील, जुनी रीत मला म्हणूनच अधिक शहाणी वाटते: पेव उघडल्यावर आधी कंदील आत सोडायचा, तो विझला तर कोणी उतरायचे नाही. गुदमरून जीव जाणार असेल तर तिथे शक्यतेचा हिशेब मांडलाच जात नसे.

अर्थात कंदिलाला पूर कळत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे. 2005, 2019 आणि 2021 अशा तीन वर्षी पाणी 50 फुटांपलीकडे गेले, आणि हरिपूरची बहुतेक पेवे त्यांतल्या पहिल्याच महापुरात निकामी झाली.