काट्याला चरबी दिसत नाही

चवथ आटोपली की म्हापशापासून मडगावपर्यंत जिमच्या दारांवर फलक झळकतात: ‘बॉडी कंपोझिशन मोफत’. अनवाणी पायांनी यंत्रावर उभं राहायचं, अर्ध्या मिनिटात कागद हातात. चरबी २५.२ टक्के, स्नायू अमुक किलो आणि खाली शरीराचं ‘चयापचयी वय’ ४१! खाणीवरच्या डंपरचा जुना टायर उलटवणाऱ्या, लॉग म्हणजे जड ओंडका डोक्यावर नेणाऱ्या स्ट्राँगमन मंडळींना या कागदाचं फार अप्रूप. साहजिक आहे. त्यांनी वजन मुद्दाम वाढवलेलं असतं आणि वाढलं ते नेमकं काय, हा प्रश्न त्यांना रोजचा. पण २५.२ मधला तो शेवटचा २ कुठून येतो, ते एकदा पाहायला हवं.

बीएमआय तर त्यांच्या कामाचाच नाही, कारण त्यात वजन आणि उंचीपलीकडे काही नसतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांची २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात फोटोसह आलेली जोडी इथे आठवते. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपल्याकडची शरीरं त्याच वजनात जास्त चरबी बाळगतात. त्यामुळे गोऱ्या लोकांवर बेतलेलं कुठलंही सूत्र आपल्याला आंधळेपणाने लावता येत नाही, आणि हे बीएमआयइतकंच त्या यंत्रालाही लागू आहे.

आता यंत्राकडे. ते चरबी मोजत नाही. एका पायातून आत जाऊन दुसऱ्या पायातून बाहेर येणारा, एक मिलिअँपिअरहून कमी आणि बहुधा ५० किलोहर्ट्झचा प्रवाह ते सोडतं आणि त्याला किती रोध झाला तेवढं पाहतं. (पेसमेकर असणाऱ्यांनी यावर पाय ठेवायचा नाही.) स्नायूंत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं, त्यात क्षार विरघळलेले, म्हणून वीज तिथून सहज जाते. चरबीच्या पेशीजालात पाणी फार थोडं, तिथे ती अडते.

शाळेतलं सूत्र आठवा: रोध लांबीच्या सम प्रमाणात आणि काटछेदाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. कुळागरातल्या पाइपसारखंच, लांब आणि बारीक असला की पाणी अडतं, आखूड आणि रुंद असला की धो धो येतं. सूत्राच्या वर-खाली लांबीने गुणलं, की वाहकाचं आकारमान लांबीच्या वर्गाला रोधाने भागून मिळतं. लांबीच्या जागी यंत्र तुमची उंची घालतं. आलेलं आकारमान म्हणजे शरीरातलं पाणी. चरबी सोडून उरलेल्या शरीरात ७३ टक्के पाणी असतं असं गृहीत धरून त्यावरून ‘बिनचरबीचं वजन’ काढायचं आणि ते एकूण वजनातून वजा करायचं. उरली ती चरबी. म्हणजे चरबी ही वजाबाकीतली बाकी आहे. आधीच्या प्रत्येक पायरीवरची चूक तिच्याच खात्यावर जमा होते.

आकडे घालून पाहू. कंपन्या आपली सूत्रं उघड करत नाहीत, पण मनगट ते घोटा रोध मोजणाऱ्या जुन्या, साध्या पद्धतीचं एक सूत्र असं: उंचीचा (सेंटीमीटर) वर्ग भागिले रोध, गुणिले ०.८५, अधिक ३.०४. उंची १७५, वजन ८५ किलो आणि रोध ४३० ओहम असेल, तर बिनचरबीचं वजन ६३.६ किलो आणि चरबी २५.२ टक्के. रोध फक्त २० ओहमने वाढून ४५० झाला, की तोच माणूस ६०.९ किलोवर येतो आणि चरबी २८.४ टक्के होते. पावणेतीन किलो ‘स्नायू’ गायब! उंची टाकताना १७५ च्या जागी १७७ टाकली, तर १.४ किलो स्नायू फुकटात मिळतात. आणि यंत्रावर चढण्याआधी लिटरभर पाणी प्यायलात, तर ते अजून पोटातच असल्यामुळे रोध जवळपास तेवढाच राहतो, वजन मात्र किलोने वाढतं. यंत्र तो अख्खा किलो चरबीत मांडतं.

हे २० ओहम हलायला फारसं काही लागत नाही. घामाघूम होऊन व्यायामानंतर लगेच उभे राहिलात, तर कातडी गरम आणि ओली असते, रोध पडतो आणि चरबी कमी दिसते. उराकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, मोसमात शनिवारची रात्र रंगली, तर रविवारी सकाळी शरीर कोरडं असतं, रोध चढतो आणि चरबी वाढते. दोन्ही हातांत जड वजनं घेऊन चालण्याने, म्हणजे फार्मर्स वॉकने, टाचांना घट्टे पडलेले असतील, तर संपर्कच नीट होत नाही.

त्याहून मोठी अडचण आपल्या धडात आहे. मनगट ते घोटा मोजलं, तर धडात शरीराचं जवळपास निम्मं वजन असूनही एकूण रोधातला त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच, कारण धड रुंद आहे. पायांच्या काट्यात तर प्रवाह पोटाच्या खालच्या भागातूनच परततो. योक, म्हणजे वजनं लादलेली चौकट, खांद्यावर घेऊन कमावलेली पाठ आणि मानेलगतचे स्नायू त्याला दिसतच नाहीत. पोटाचा घेरही नाही. हातांत मुठी असलेलं आठ इलेक्ट्रोडचं यंत्र धड वेगळं मोजतं, म्हणून ते बरं. काही यंत्रं एकाहून अधिक वारंवारता वापरतात. कमी वारंवारतेला पेशीचं आवरण धारित्रासारखं आडवं येतं आणि प्रवाह पेशींच्या बाहेरच्या पाण्यातूनच जातो. वारंवारता वाढवली की तो आवरण ओलांडून आत शिरतो. दोन्ही आकड्यांतून पेशीबाहेरचं आणि एकूण पाणी वेगळं काढता येतं. जड व्यायामानंतर दोन-तीन दिवस सुजलेल्या स्नायूंत बाहेरचं पाणी साचतं, ते अशा यंत्राला ओळखता येतं. स्वस्त काटा त्यालाही ‘मसल’ म्हणतो.

क्रिएटिन ही ताकदीसाठी घेतात ती पूड सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वाढणारा किलो-दीड किलो हाही मुख्यतः पाणीच. उलट बाजूने, शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, एकदम बंद केली तर दोन-चार दिवसांत ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि त्याच्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी जातं. मिळून १.६ किलो. काटा म्हणतो स्नायू घटले. घटलेला असतो भात.

याच पाण्यावर पोटाला प्लास्टिक गुंडाळून घाम गाळण्याचा धंदा चालतो. घामात चरबी नसते. ‘आमचं भिरंड (कोकम) चरबी वितळवतं’ हाही तसलाच प्रकार. कोकमाच्या कुळातल्या हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाची १९९८ साली १२ आठवड्यांची चाचणी झाली, १३५ जणांवर. बनावट गोळीपेक्षा त्याने जास्त काही केलं नाही. सोलकढी चवीसाठी प्यावी.

मग मोजायचं कसं? वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा सपाट लादीवर ठेवायचा, चटईवर नाही. एका दिवसाचा आकडा विसरून सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना सरासरीशी करायची. रोधयंत्र वापरायचंच असेल, तर आठवड्यातून एकदा, विश्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर दहा मिनिटं उभं राहिल्यानंतर, तळवे ओल्या फडक्याने पुसून.

खरं काम टेपच करते. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, फायबरग्लासची घ्या. बेंबीच्या पातळीवर, टेप आडवी सरळ, सहज सोडलेल्या श्वासाच्या शेवटी. तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. पोट आत ओढणं जितकं वाईट, तितकंच लिफ्टसाठी लागलेल्या सवयीने ते बाहेर फुगवणंही. कंबर आणि मानेच्या घेरावरून चरबी सांगणारं अमेरिकी नौदलाचं सूत्र मात्र या मंडळींनी टाळावं. त्यात कंबरेतून मान वजा होते, आणि योकने जाड झालेली मान चरबी लपवते. कातडीच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, असेल, तर छाती, पोट आणि मांडी या तीन जागी घडी धरून दोन सेकंदांनी वाचन घ्यावं, दर वेळी त्याच माणसाने. त्याचे टक्के करत बसू नये, मिलिमीटरची बेरीज लिहून ठेवावी.

शेजारी उचललेली वजनं लिहायची. आठ आठवड्यांत सरासरी वजन दोन किलोने वाढलं, कंबर जागच्या जागी आहे आणि तेच वजन घेऊन वीस मीटरचा फार्मर्स वॉक दोन सेकंद लवकर होतोय, तर वाढीत स्नायूंचा वाटा चांगला आहे. कंबर तीन सेंटीमीटर वाढली आणि लॉग तिथेच अडला, तर जेवण जास्त होतंय. मुरलेल्या उचलकऱ्याला महिन्याला अर्धा किलो निव्वळ स्नायू मिळाले तरी ती चैन आहे, त्यामुळे कागदावर महिन्यात तीन किलो दिसले तर आधी पाणी आणि टाकलेली उंची तपासा. क्ष-किरणांनी शरीराची घडण मोजणारा डेक्सा स्कॅन यापेक्षा पुष्कळ चांगला, पण त्याच्या ‘लीन’ (बिनचरबीच्या) आकड्यातही पाणी असतंच. तो सहा महिन्यांतून एकदा, त्याच यंत्रावर, उपाशीपोटी करावा, आणि आधीच्या दोन दिवसांत क्रिएटिन किंवा भात यांत काही बदल करू नये.