भरूचचा केबल पूल आणि बुटक्या खांबांचा वाद

बडोद्याहून मुंबईला निघालेली गाडी भरूचला नर्मदेवर अडायची, हे इथल्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. गोल्डन ब्रिज १८८१चा, मुळात रेल्वेचा. १९३५ मध्ये शेजारी नवा रेल्वेपूल झाल्यावर तो रस्त्याच्या वाट्याला आला. पुढे हायवेवर सरदार पूल झाला. तिथे दुरुस्ती निघाली की एक लेन बंद आणि ट्रकांची रांग मैलोन्‌मैल.

७ मार्च २०१७ ला हायवेवर नर्मदेचा नवा चौपदरी पूल खुला झाला. लांबी १३४४ मीटर: मधले आठ गाळे (दोन खांबांमधली अंतरं) १४४ मीटरचे, टोकांचे दोन ९६चे; केबल २१६.

वाद आहे तो खांबांच्या उंचीचा: केबल पुलाचे खांब उंच हवेत, हे बुटके का, असं टीकाकार विचारतात. लोक त्याला केबल पूल म्हणतात, पण जातीने तो एक्स्ट्राडोज्ड. केबल-स्टेड, म्हणजे उंच खांबांवरून केबलनी टांगलेल्या पुलात डेकच्या (रस्त्याच्या तक्त्याच्या) वरचा खांब गाळ्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणजे इथे २९ मीटरच्या आसपास लागला असता. आहे तो १८ मीटर. खांब बुटका, त्यामुळे केबल बऱ्याच आडव्या जातात. डेक उचलण्याइतकंच त्याला लांबीच्या दिशेने आवळून धरणं हे त्यांचं काम. बाकी वजन डेकखालचा काँक्रीटचा बॉक्स गर्डर, म्हणजे पोकळ पेटीसारखी तुळईच पेलते. म्हणून गर्डर जाड आणि पायावर भार जास्त. पण ट्रक गेला तरी केबलमधला ताण फारसा वर-खाली होत नाही. त्यामुळे तुटण्याच्या क्षमतेच्या ६० टक्क्यांपर्यंत ताण देता येतो. केबल-स्टेडला ४५ वर थांबावं लागतं. एवढ्या गाळ्याला उंच खांब म्हणजे निव्वळ देखाव्याचा खर्च, टीकाकार काहीही म्हणोत.

खरी काळजी अँकरेजची, म्हणजे केबलचं टोक जिथे घट्ट पकडलेलं असतं त्या जागेची. भरूचपर्यंत भरती चढते, हवा खारी. अँकरेजवरच्या टोपीतलं मेण सुकलं किंवा केबलवरच्या नळीचं सील फाटलं की पाणी शिरतं आणि तार आतून गंजते. बाहेरून नळी कोरी करकरीत.

२०२१ मध्ये शहरालगत नवा पूल झाला आणि गोल्डन ब्रिजवरची वाहनं थांबली. वरून न दिसणारं नुकसान दुसरीकडेही भोवलं: ९ जुलै २०२५ ला बडोदा जिल्ह्यातल्या पादरा गावाजवळ मही नदीवरचा, १९८५चा गंभीरा पूल कोसळला. प्राथमिक पाहणीत पेडेस्टल (डेक टेकतो तो ठोकळा) आणि आर्टिक्युलेशन (डेकच्या दोन भागांमधला सांधा) चिरडल्याचं पुढे आलं. असे सांधे डेकच्या पोटात असतात, वरच्या जॉइंटमधलं पाणी थेट त्यांच्यावर गळतं, आणि पाहायचं तर डेकखाली हात घालणारी पाहणी-गाडीच लागते. वरून डांबर कितीही गुळगुळीत केलं तरी यातलं काही दिसत नाही.